काळोखाचे वकीलपत्र

दसऱ्यापासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंतच्या वीस-एकवीस दिवसांत नागपुरात किती नव्या मोटारी घरोघरी येतात, याचा हिशेब मोटारी विकणाऱ्यांनी ठेवावा. मला हिशेब मांडायचा आहे तो त्या मोटारींच्या फोटोंचा. आणि आधीच सांगून टाकतो, तो फार तोट्याचा आहे.

गाडी बहुधा संध्याकाळी येते. घरातली माणसे कामावरून सुटायची, मुहूर्त साधायचा, आत्याला धरमपेठेतून आणि मामांना महालातून आणायचे, म्हणजे सात-आठ सहज वाजतात. मग दारात पूजा होते. बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, हार चढतो, चाकांखाली लिंबे जातात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. इथवर सारे यथासांग. त्यानंतर कोणीतरी खिशातून फोन काढतो आणि एकच गलका होतो. "गाडीचे दिवे लावा! पोर्चमधला लावा! शेजाऱ्यांना म्हणा, तुमच्या गाडीचा झोत जरा इकडे टाका! अहो, गाडी दिसली पाहिजे नं!" फ्लॅश चमकतो. आणि चित्रात काय येते? पुढच्या दोन दिव्यांच्या जागी दोन पांढरी भगदाडे. नंबरपाटी पौर्णिमेच्या चंद्रासारखी फटफटीत. आत्याचे डोळे मिटलेले. मामांच्या चष्म्यात दोन ठिणग्या. आणि जिच्यासाठी पुढची पाच-सात वर्षे हप्ते फेडायचे ती गाडी? ती या सगळ्या उजेडामागे कुठेतरी एखाद्या डागासारखी उभी असते.

याला दुर्दैव म्हणता येणार नाही. एका चुकीच्या समजुतीची ही रास्त फळे आहेत. रात्री उजेड कमी असतो म्हणून चित्र बिघडते, सबब उजेड वाढवावा, अशी ती समजूत. ऐकायला किती सरळ! परंतु माझे म्हणणे नेमके उलट आहे. उभ्या मोटारीचे रात्री चित्र घ्यायला जास्त उजेड लागत नाही. जास्त वेळ लागतो. वेळ द्यायची तयारी नसली की माणूस उजेड मागू लागतो. आणि या उजेडाच्या हव्यासापायी आधी गाडी जाते, मग रात्र जाते आणि एखाद्या दिवशी माणूसही जातो. आपल्या शहरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि वकिलांचा तुटवडा कधीच नव्हता. पण काळोखाचे वकीलपत्र कोणी घेतल्याचे ऐकिवात नाही. ते आज मी घेतो. अशिलाकडून फी मिळण्याची आशा नाही, हे सांगायलाच नको.

पहिला मुद्दा गाडीचा.

मोटार म्हणजे रंगवलेला पत्रा, असे आपण धरून चालतो. छायाचित्रापुरते बोलायचे तर मोटार हा आरसा आहे. चुन्याच्या भिंतीवर बॅटरी मारली तर भिंत उजळते, कारण ती आपल्यावर पडलेला उजेड चारी दिशांना विखुरते. मोटारीच्या रंगावर मात्र पारदर्शक लेपाचा गुळगुळीत थर असतो, आणि त्याचा स्वभाव आरशाचा. आरशावर बॅटरी मारून पाहा: आरसा उजळत नाही, त्यात बॅटरी दिसते. फ्लॅशचेही तेच होते. त्याचा उजेड तिरक्या दारावरून, उतरत्या टपावरून, गोलाईच्या बॉनेटवरून भलतीकडेच निघून जातो; एखाद्या वळणावरून एक टोचरी चकाकी तेवढी परत येते. काळ्या गाडीचे हाल तर विचारूच नयेत. तिच्या अंगावर आसपासचा काळोखच उमटतो, आणि मालक म्हणतो, "फोन बदलायला झाला."

उलट, परत येऊ नये ते मात्र इमानाने परत येते. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरपाटी सक्तीची झाली. तिचा पृष्ठभाग मुद्दामच असा केलेला असतो की उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत जावा. मागून येणाऱ्या वाहनाला आणि पोलिसांना नंबर वाचता यावा म्हणून केलेली ही योजना उत्तमच आहे. पण फ्लॅश मारणाऱ्याच्या पदरात तिच्यामुळे मोटारीऐवजी मोटारीचा नंबर पडतो. बारशाच्या फोटोत बाळ अंधारात राहावे आणि पाळण्याला चिकटलेली किमतीची चिठ्ठी तेवढी लखलखावी, तसाच हा प्रकार.

गाडीचे स्वतःचे दिवे लावण्याचा आग्रह तर याहून वेडगळ. आपला डोळा मोठा समजूतदार आहे. झगझगीत दिवा आणि त्याच्या शेजारची अंधारी जागा तो एकाच वेळी सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला एवढी समज नाही. दिवा धड यायचा तर गाडी बुडते, आणि गाडी धड यायची तर दिव्याचा जाळ होतो. म्हणून रात्री मोटारीचे चित्र काढायला बसलेला जाणता माणूस पहिले काम करतो ते हे, की गाडीचे दिवे बंद करतो. आपण पहिले काम करतो ते हे, की ते लावतो. यापुढे कॅमेऱ्याला बोल कशाला लावायचा?

मग आरशाचे चित्र काढायचे तरी कसे? गाडीवर उजेड फेकायचा नाही; गाडीत काय उमटायला हवे ते ठरवायचे. आणि त्यासाठी सर्वांत मोठा, सर्वांत मऊ आणि विजेच्या बिलात न येणारा दिवा रोज आपल्या डोक्यावर असतो. नागपूर महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडे. दिवाळीच्या दिवसांत आपला सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो, मुंबईकरांच्या पंचवीस-तीस मिनिटे आधी. तो मावळल्यावर साधारण पंधरा ते तीस मिनिटांत आकाशाला जी गर्द निळाई येते तिच्यात गाडी उभी करून पाहा. टपाची कड, खांद्याची रेघ, बॉनेटचा उतार: कारखान्यातल्या रेखाटणाऱ्याने ज्या रेषांसाठी वर्षे घालवली त्या सगळ्या त्या निळाईत आपसूक उमटतात. रस्त्यावरचा एखादा दूरचा दिवा दारावर एक सोनेरी पट्टा ओढून जातो. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर पाच-दहा सेकंद उघडे, आणि बोट लावून तो हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. इतकेच. उशीर झाला आणि निळाईही गेली, तर गाडीचे इंजिन व दिवे बंद करून, शटर पंधरा-वीस सेकंद उघडे ठेवून, एकाने गडद कपडे घालून हातात साधी बॅटरी घ्यावी व गाडीच्या कडेने, न थांबता, रंगाऱ्याने कुंचला फिरवावा तसा तिचा उजेड फिरवावा. चालणारा माणूस चित्रात येत नाही. त्याने फिरवलेला उजेड तेवढा राहतो. एक बॅटरी आणि वीस सेकंद! दहा दिवे आणि सेकंदाचा शतांश यांना जे जमले नाही ते त्यांना जमते.

आता दुसरा मुद्दा, रात्रीचा.

"गाडी दिसली पाहिजे" या हट्टाचे दुसरे टोक असे की गाडी दिसली तरी रात्र दिसत नाही. आणि रात्र दिसायची नसेल तर फोटो रात्री काढायचाच कशाला? सकाळी नऊ वाजता कोवळ्या उन्हात काढावा. फुटाळ्याच्या काठी, शून्य मैलाच्या दगडी घोड्यांसमोर, वर्धा रोडवर वरून मेट्रो आणि खालून मोटारी धावणाऱ्या त्या दुमजली पुलाखाली, कुठेही रात्री जाऊन पाहा. जो तो आपली गाडी अशा प्रकाशात उभी करतो की ते फुटाळा आहे की दुकानाची काच, हे फोटोवरून ओळखू येऊ नये. तलाव गेला, घोडे गेले, आकाश गेले. उरला एक पांढरा फटफटीत गोळा आणि त्यात चार चाके.

नव्या फोनमध्ये रात्रीसाठी वेगळी सोय असते, हे मला ठाऊक आहे. फोन एकामागून एक अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो आणि सावलीतला तपशील वर काढतो. युक्ती हुशारीची आहे आणि तिच्याशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते तिच्या वापराशी. फोन जे देतो ते आणखी उजळ करायचे, आकाश करडे करायचे, सावली पुसायची, आणि मध्यरात्रीला ढगाळ दुपार करून टाकायची, यात पराक्रम कसला? रात्रीचा फोटो असा असावा की पाहणाऱ्याला वाटावे, इथे थोडा गारवा होता.

दिवाळीच्या अंकात तर हे सांगण्याचा मला विशेष अधिकार पोचतो. आपण दिव्यांचा सण म्हणतो, पण लक्ष्मीपूजन कधी असते? अमावास्येला. वर्षातल्या बारा पौर्णिमा सोडून पूर्वजांनी दिवे लावायला चंद्र नसलेली रात्र निवडली, यात काही अर्थ असला पाहिजे. पणती उन्हात लावून पाहा. तिची ज्योत दिसतसुद्धा नाही. पणतीला अंधार लागतो. तिचा मोठेपणा असा, की ती आपल्यापुरता हातभर उजेड करते आणि बाकीची रात्र जशीच्या तशी राहू देते. ज्या संस्कृतीने पणती घडवली तिच्या वारसांनी रात्री चार झोत लावून गाडीचा फोटो काढावा, हे मला शोभत नाही असे वाटते.

आणि रात्र ही काही केवळ कवींची चीज नाही. आपल्याच जिल्ह्यात पेंच व्याघ्र प्रकल्प आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला 'डार्कस्काय इंटरनॅशनल' या जागतिक संस्थेने डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता दिली. भारतातले असे हे पहिलेच ठिकाण. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे बदलण्यात आले. ते काढून टाकले नाहीत, हे लक्षात घ्या. उजेड आभाळात न उडता खाली जमिनीवरच पडावा, अशी त्यांची रचना केली गेली. त्याच जंगलातून नागपूर-शिवनी महामार्ग जातो. तिथे जनावरांना खालून ये-जा करता यावी म्हणून रस्ता काही ठिकाणी उचलून घेतला आहे, आणि वाहनांचा आवाज व दिव्यांचे झोत जंगलात शिरू नयेत म्हणून काही भागांत कडेला आडभिंती उभ्या केल्या आहेत. म्हणजे मोटारीच्या दिव्यापासून रात्र वाचवण्यासाठी सरकार भिंती बांधते. आणि आमचे हौशी वीर जंगलाच्या कडेला गाडी लावून, झोत झाडीत सोडून, 'काय इफेक्ट आला!' म्हणून नाचतात. वाघाला मत देता येत नाही म्हणून हे चालते.

इथे माझा प्रतिपक्षी उठेल आणि म्हणेल, "मोठमोठ्या छायाचित्रकारांनी रात्री दिवे वापरलेच की!" वापरले, आणि ज्याचे नाव त्याने घ्यावे असा एक मीच त्याला सुचवतो. ओ. विन्स्टन लिंक या अमेरिकन छायाचित्रकाराने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिने रात्री टिपली. त्याचे २ ऑगस्ट १९५६ चे चित्र जगप्रसिद्ध आहे. उघड्यावरचा चित्रपट चालू आहे, प्रेक्षक रांगांनी लावलेल्या आपापल्या मोटारींतूनच तो पाहताहेत, पुढे एका उघड्या मोटारीत एक जोडपे बसले आहे, पडद्यावर विमान आहे आणि मागून धूर ओकत आगगाडी चालली आहे. त्यासाठी लिंकने चाळीसहून अधिक फ्लॅशचे दिवे एकदम उडवले. पण का? कारण आगगाडी धावत होती. ती त्याच्यासाठी थांबणार नव्हती. आणि एवढे करून झाले काय? त्या प्रखर उजेडात पडद्यावरचे चित्रच धुऊन निघाले; विमान त्याला मागाहून वेगळे बसवावे लागले. एवढ्या कसबी माणसाकडूनही फ्लॅशने आपली किंमत वसूल केली ती अशी. आपली गाडी तर दारात उभी आहे. तिला कुठे जायचे नाही. तिचा हप्तासुद्धा पुढच्या महिन्यात आहे. मग घाई कोणाला?

उलट बाजूचा साक्षीदार ब्रासाय. पॅरिसला येऊन राहिलेल्या या हंगेरियन छायाचित्रकाराचे रात्रीच्या पॅरिसवरचे पुस्तक १९३२ च्या अखेरीस निघाले. तो ट्रायपॉड लावायचा, शटर उघडायचा आणि वाट पाहायचा. सिगारेट किती जळली यावर तो वेळ मोजत असे, असे सांगतात. त्याच्या चित्रांत धुके आहे, ओले फरसबंद रस्ते आहेत, मोटारींचे दिवे दूरवर आहेत, आणि काळोख मुबलक आहे. सगळे पॅरिस उजळवून दाखवण्याची हाव त्याने धरली नाही. म्हणून नव्वद वर्षांनीही त्या चित्रांत पॅरिसची रात्र शिल्लक आहे.

परदेशाचा दाखला नको असेल तर घरचा घ्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये, 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा समोर ठेवून रोज एकेक चित्र घेत महिन्याहून अधिक काळ वाट पाहिली. त्यातून 'अंकुराची वाढ' तयार झाली, आणि ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. भारतीय चित्रपटाचा पाया एका मराठी माणसाने असा वाट पाहून घातला. त्याच्या मुलखात आज कॅमेऱ्यापुढे दहा सेकंद थांबायला कोणी तयार नसावे?

तिसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि तो माणसाचा आहे. इथे मला विनोद सुचत नाही.

नागपूरच्या वेशीवर शिवमडक्यापाशी समृद्धी महामार्ग सुरू होतो. त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सारा रस्ता ठाण्याजवळच्या आमण्यापर्यंत पुरा झाला. नवी गाडी घेतली की तिला समृद्धीवर पळवून आणायचे, ही आता आमच्याकडे देवदर्शनासारखी रीत झाली आहे. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पुढच्या गोष्टीला. रात्री रस्ता मोकळा दिसतो, पुलाची कमान दिसते, दूरवर दिव्यांची रांग दिसते, आणि गाडी कडेला थांबते. माणसे उतरतात. एक जण फोन घेऊन थेट मार्गिकेत उभा राहतो, कारण गाडी 'पूर्ण' आली पाहिजे.

थोडे अंकगणित करू. या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मागून येणाऱ्या चालकाचे दिवे डिपरवर असतील तर पन्नास-साठ मीटरपलीकडचे त्याला धड दिसत नाही. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो. तेवढ्यात गाडी तेहतीस ते पन्नास मीटर पुढे आलेली असते. उरलेल्या थोड्या अंतरात ताशी १२० ची गाडी थांबवून दाखवणारा चालक अजून जन्माला यायचा आहे. रात्री महामार्गावर उभे वाहन म्हणजे काय असते, हे १५ ऑक्टोबर २०२३ ला याच रस्त्यावर वैजापूरजवळ दिसले. थांबलेल्या ट्रकवर प्रवाशांची मिनीबस मागून आदळली आणि १२ जण गेले. त्या ट्रकचा फोटोशी काहीही संबंध नव्हता. पण उभ्या वाहनाचे कारण काय, हे मागून येणाऱ्या गाडीला कळत नसते. फोटोसाठी उभे आहे की पंक्चरसाठी, तिला सारखेच.

आणि माझ्याच सल्ल्याची धार मला इथे बोथट करून ठेवली पाहिजे. गाडीचे दिवे बंद करा, गडद कपडे घाला, बॅटरी घेऊन गाडीभोवती फिरा, असे मी वर सांगितले. हा सल्ला रस्त्यावर पाळला तर तो प्राणघातक आहे. तो आहे बंद फाटकाच्या आतल्या अंगणासाठी, सोसायटीच्या आवारासाठी, मालकाची परवानगी घेतलेल्या रिकाम्या मैदानासाठी. रहदारी आहे तिथे दिवे लागलेच पाहिजेत, आणि म्हणूनच रहदारी आहे तिथे फोटो काढायचा नाही. काळोखाचा वकील असलो तरी अशिलाच्या हातून खून व्हावा, अशी माझी इच्छा नाही.

आता उरलेल्या हरकती. पहिली अशी, की काळोखाची तरफदारी करणारा माणूस गल्लीबोळांतले दिवे काढायला निघालेला असणार. बायामुलींनी रात्री यायचे-जायचे कसे? मी असे कुठेही म्हटलेले नाही. रस्त्यावर दिवा हवा, चांगला हवा, आणि तो रस्त्यावरच पडायला हवा. चालणाऱ्या माणसासाठी लावलेला दिवा ही गरज आहे. उभ्या मोटारीच्या तोंडावर मारलेला चौथा झोत ही गरज नाही. या दोहोंत फरक न करणारा माणूस विजेची बाजू मांडत नसतो, आळसाची मांडत असतो.

दुसरी हरकत खर्चाची. ट्रायपॉड, मोठा कॅमेरा, महागडी लेन्स, हे सारे आणायचे कुठून? आणूच नका. चार विटा रचा, त्यांवर एक जाड पुस्तक ठेवा, त्याला टेकवून फोन उभा करा. पुष्कळ फोनांत शटर किती वेळ उघडे ठेवायचे ते स्वतः ठरवता येते, आणि टायमर तर बहुतेक सगळ्यांत असतो. लाखो रुपयांची गाडी घेणाऱ्याने चार विटांपाशी अडावे, हे पटत नाही.

तिसरी हरकत मात्र खरी, आणि तिचा मान ठेवला पाहिजे. "आम्हाला मोटारीचा फोटो नको, घरच्यांचा हवा, आणि माणसे दहा सेकंद स्तब्ध कशी राहणार?" बरोबर आहे. मग दहा नको, एक सेकंद घ्या. पोर्चचा एक दिवा बाजूने येऊ द्या, आकाशात थोडी निळाई असू द्या, तेवढ्यात भागते. आजी-आजोबांना खुर्च्या द्या, मामांना गाडीला टेकू द्या. पूर्वी फोटोच्या दुकानात मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आधार लावीत आणि घरेच्या घरे श्वास रोखून बसत. त्या चित्रांकडे आज आपण भिंतीवर मान उंचावून पाहतो. त्यांतल्या चेहऱ्यांना जे गांभीर्य आहे ते दागिन्यांमुळे नाही. ती माणसे त्या क्षणासाठी थांबली होती, म्हणून आहे. लहान मूल हलेल आणि थोडे पुसट येईल. येऊ द्या. दोन वर्षांचे मूल नव्या गाडीपुढे स्थिर उभे राहिले, असे दाखवणारा फोटोच खोटा.

गाडी ही मध्यमवर्गीय घरात नुसती वस्तू म्हणून येत नाही, हे मी जाणतो. वडिलांनी सायकलवर नोकरी काढली, मुलाने स्कूटरवर संसार केला, आणि नातीने पहिल्या पगारातून आगाऊ रक्कम भरली, असा तीन पिढ्यांचा प्रवास तिच्या चार चाकांवर उभा असतो. म्हणूनच तिचा फोटो हा थट्टेचा विषय नाही. हा एकच फोटो वीस वर्षांनी, ती गाडी भंगारात गेल्यावरही, घरात राहणार आहे. तेव्हा कोणी विचारणार नाही की नंबर काय होता. विचारतील ते हे, की ती रात्र कशी होती, अंगणात कोण कोण होते, आजी कुठे बसली होती. याचे उत्तर त्या फोटोत असायला हवे. चार झोतांच्या पांढऱ्या भगदाडात ते सापडणार नाही.

तेव्हा या लक्ष्मीपूजनाला एवढे कराच. गाडी अंगणात घ्या आणि तिचे दिवे मालवा. फटाके दूर ठेवा. गाडीपासून सुरक्षित अंतरावर, रांगोळीच्या कडेने, पाच-सात पणत्या मांडा. कॅमेरा खाली, दाराच्या उंचीवर आणा, शटर उघडा आणि थांबा. गाडी आरसा आहे, हे मी म्हणालो होतो. त्या आरशात पणत्यांची दुसरी रांग उमटेल, वर अमावास्येचे आकाश राहील, आणि त्या दोहोंच्या मधोमध, जितकी दिसायला हवी तितकी, तुमची गाडी दिसेल. गाडी दिसली पाहिजे, हे मला कबूल आहे. पण ती तुमच्या घरी एका रात्री आली होती, हेही दिसले पाहिजे.